नफा किती आणि उपयोग किती? सहकारी बँकेचा अहवाल सभासदाने कसा वाचावा

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि सप्टेंबरअखेरपर्यंत सहकारी बँकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. या काळात आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक तरी अहवाल येतो. पहिल्या पानावर संस्थापकांची छायाचित्रे, मग अध्यक्षांचे मनोगत, ठेवी इतक्या कोटींनी वाढल्या, नफा इतका झाला, लाभांश इतके टक्के, लेखापरीक्षणात ‘अ’ वर्ग. शेवटी रक्तदान शिबिर आणि गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराची छायाचित्रे. आपण लाभांशाचा आकडा पाहतो, सभेला गेलोच तर हात वर करतो आणि अहवाल रद्दीत जातो.

या अहवालात दोन वेगवेगळे दावे असतात. एक, बँक धंदा म्हणून नीट चालली आहे. दुसरा, बँक समाजाच्या उपयोगी पडते आहे. पहिल्या दाव्यासाठी आकडे दिलेले असतात. दुसऱ्यासाठी मात्र बहुधा छायाचित्रे. गेल्या काही वर्षांत नागरी सहकारी बँकांबाबत जे घडले आणि रिझर्व्ह बँकेने जे नियम बदलले, ते पाहता हा फरक नुसता मांडणीचा राहिलेला नाही. ठेवीदाराच्या पैशाशी त्याचा थेट संबंध आहे.

आपल्याच गावातली सुरुवात

हा विषय आपल्याला परका नाही. भारतातली पहिली ज्ञात परस्पर सहाय्यक पतसंस्था म्हणून जिचा उल्लेख होतो, ती ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ १८८९ मध्ये याच बडोद्यात, सयाजीराव महाराजांच्या काळात, विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाली. तेव्हा देशात सहकाराचा कायदाही नव्हता. तो १९०४ मध्ये आला. त्यानंतर मराठी मुलखात आणि त्याच्या सीमेवर अशा संस्था भराभर निघाल्या. १९०६ च्या जानेवारीत पुण्याची कॉसमॉस, फेब्रुवारीत गोकाक अर्बन आणि बेळगाव पायोनियर. मुंबईची सारस्वत १९१८ ची.

या संस्था काढणाऱ्यांचा हेतू साधा होता. कारकून, शिक्षक, छोटा दुकानदार, कारागीर यांना अडीनडीला पैसे लागले की सावकाराचे दार गाठावे लागे. मोठ्या बँका त्यांना उभे करत नसत. तेव्हा ओळखीच्या माणसांनी आपापली बचत एकत्र करायची आणि त्यातूनच गरजूला वाजवी व्याजाने कर्ज द्यायचे. माणूस ओळखीचा असल्याने तो पैसे बुडवणार नाही, हे तारण. संस्थेचे यश मोजायचे तर एकच प्रश्न विचारावा लागे: सावकाराच्या दारातून किती घरे सुटली?

आज ठेवींचे आकडे कोटींत आहेत, शाखा वातानुकूलित आहेत आणि पैसे मोबाइलवरून जातात. पण हा मूळ प्रश्न अहवालातून हळूहळू नाहीसा झाला.

धंद्याची मोजपट्टी कडक का झाली

रिझर्व्ह बँक सहकारी बँकांना जी मोजपट्टी लावते ती प्रामुख्याने आर्थिक प्रकृतीची आहे, आणि ती कडक होण्यामागे कडू अनुभव आहे. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक शेअर दलालाला दिलेल्या कर्जांमुळे कोसळली आणि तिच्यात ठेवी ठेवणाऱ्या गुजरातमधल्या अनेक लहान सहकारी बँकाही अडचणीत आल्या. २००४ पासून नव्या नागरी सहकारी बँकांना परवाने देणे थांबले. तेव्हा देशात अशा सुमारे १,९०० बँका होत्या. विलीनीकरण आणि परवाने रद्द होत होत आज त्या १,५०० पेक्षा कमी उरल्या आहेत. त्यांतल्या सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत आणि गुजरात व कर्नाटक ही त्यानंतरची मोठी राज्ये आहेत. म्हणजे आपल्या मराठी कुटुंबांचा पैसा नेमका याच पट्ट्यात आहे.

२०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे, म्हणजे पीएमसीचे प्रकरण झाले आणि २०२० मध्ये बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी बँकांवरचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. २०२२ मध्ये बँकांचे ठेवींनुसार चार स्तर ठरले. १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँका पहिल्या स्तरात, १,००० कोटींपर्यंत दुसऱ्या, १०,००० कोटींपर्यंत तिसऱ्या आणि त्यापुढच्या चौथ्या. पहिल्या स्तरातील बँकांना जोखीमभारित मालमत्तेच्या ९ टक्के आणि वरच्या तिन्ही स्तरांना १२ टक्के भांडवल राखावे लागते. १ एप्रिल २०२५ पासून वरच्या तीन स्तरांना ‘तत्काळ सुधारात्मक कारवाई’ची चौकट लागू झाली. भांडवल ठरलेल्या प्रमाणाखाली गेले, निव्वळ अनुत्पादक कर्जे ६ टक्क्यांवर गेली किंवा सलग दोन वर्षे तोटा झाला, तर बँकेच्या विस्तारावर आणि खर्चावर टप्प्याटप्प्याने बंधने येऊ शकतात.

हे सगळे आवश्यकच होते. सहकारी बँकेला शेअर बाजारात जाऊन भांडवल उभारता येत नाही. तिचे भांडवल वाढण्याचे मुख्य मार्ग दोनच, सभासदांचे भाग आणि शिल्लक टाकलेला नफा. म्हणून ‘आम्ही समाजसेवा करतो, नफा गौण’ असे म्हणणारी सहकारी बँक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत असते. नफ्याविना भांडवल नाही, भांडवलाविना कर्ज नाही आणि कर्जाविना गरजूला उपयोग नाही.

आकडे चांगले होते, तरी

मात्र आर्थिक मोजपट्टी कडक केली की काम झाले, असे नाही. पीएमसीचेच उदाहरण पाहा. मार्च २०१९ अखेरच्या अहवालात या बँकेने ढोबळ अनुत्पादक कर्जे सुमारे पावणेचार टक्के दाखवली होती आणि भांडवलाचे प्रमाण १२ टक्क्यांच्या वर होते. त्या दोन आकड्यांवरून कोणाही सभासदाने बँकेला चांगले गुण दिले असते. सहा महिन्यांत, सप्टेंबर २०१९ मध्ये, रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढता येतील असे ठरले. मग बाहेर आले की बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७० टक्के एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती लपवण्यासाठी हजारो बनावट कर्जखाती तयार केली होती. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरील ठेवींच्या परतफेडीचे वेळापत्रक दहा वर्षांपर्यंत लांबले.

अलीकडचे उदाहरण मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध आले, संचालक मंडळ बरखास्त झाले आणि तिजोरीतली १२२ कोटींची रोकड नाहीशी झाल्याचा आरोप पुढे आला. ऑगस्ट २०२५ मध्ये ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली, त्यामुळे ठेवीदार वाचले. रांगेत उभे राहिलेल्यांचे ते सहा महिने मात्र कोणी परत देत नाही.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्याचे काम मोजायचे, त्यानेच दिलेल्या आकड्यांवर सगळी भिस्त असेल तर मोजमाप फसू शकते. आणि एका टक्केवारीत बँकेची सगळी प्रकृती मावत नाही.

सामाजिक उद्दिष्टाचे मोजमाप

आता दुसरी बाजू. बँक समाजाच्या किती उपयोगी पडते, हे मोजण्याचा नियम अगदीच नाही असे नाही. नागरी सहकारी बँकांनी आपल्या कर्जांचा ठरावीक भाग ‘अग्रक्रम क्षेत्रा’ला, म्हणजे शेती, लघुउद्योग, घर, शिक्षण, दुर्बल घटक यांना द्यायचा असतो. हे प्रमाण ७५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले होते. १ एप्रिल २०२५ पासून ते ६० टक्के केले गेले. दुर्बल घटकांसाठी त्यात स्वतंत्र उद्दिष्ट आहे. शिवाय एकूण कर्जांपैकी निम्मी कर्जे लहान रकमांची असावीत, असाही नियम आहे.

हे उद्दिष्ट गाठणे आणि गरजूच्या हाती पैसे पोहोचणे या दोन गोष्टी मात्र एक नाहीत. एखादी बँक उद्दिष्टात कमी पडली तर ती अग्रक्रम क्षेत्राची प्रमाणपत्रे बाजारातून विकत घेऊ शकते. ज्या बँकेने जास्त कर्जे दिली ती आपले जादा प्रमाण विकते, घेणारी किंमत मोजते आणि तिच्या कागदावर उद्दिष्ट पूर्ण होते. व्यवस्था कायदेशीर आहे आणि देशाच्या पातळीवर तिला अर्थही आहे, कारण ज्याला हे काम चांगले जमते त्याला त्याचा मोबदला मिळतो. पण रावपुऱ्यातल्या किंवा दांडिया बाजारातल्या सभासदाला आपल्या बँकेने आपल्या गल्लीतल्या शिंप्याला कर्ज दिले की नाही, हे त्या आकड्यावरून समजणार नाही.

‘लघुउद्योग’ या नावाखालीही पुष्कळ काही बसते. दहा वर्षे त्याच चार व्यापाऱ्यांची कॅश क्रेडिट खाती दरवर्षी नूतनीकरण होत राहिली तरी ती अग्रक्रमात मोजली जातात. बँकेच्या दारात पहिल्यांदा आलेल्या माणसाचे काय झाले, हे कोणत्याच रकान्यात येत नाही. त्याला नकार मिळाला असेल तर तो आकडा होतच नाही.

राहिला रक्तदान शिबिराचा आणि शिष्यवृत्त्यांचा भाग. ही कामे चांगली आहेत. पण ती नफ्यातून केलेली देणगी आहे. बँकेचे सामाजिक काम तिच्या कर्जवाटपात असते, देणगीच्या धनादेशात नाही.

दोन मोजपट्ट्या एकमेकींच्या आड येतात का?

सभेत एक वाद नेहमी ऐकू येतो. लहान कर्जे देत बसलो तर खर्च वाढतो, वसुलीला माणसे लागतात आणि नफा घटतो. मोठे कर्जदार परवडतात. यात तथ्य आहे. अडीच लाखांच्या कर्जाची कागदपत्रे तपासायला जवळपास तेवढाच वेळ लागतो जेवढा एक कोटीच्या कर्जाची तपासायला लागतो.

पण हिशेब तिथे थांबवू नये. उदाहरणासाठी दोन काल्पनिक बँका घेऊ आणि नियमांच्या मर्यादा क्षणभर बाजूला ठेवू. दोघींचे कर्जवाटप १०० कोटी. पहिलीने एक-एक कोटीची १०० कर्जे दिली. दुसरीने सरासरी अडीच लाखांची ४,००० कर्जे दिली. पहिलीचा नफा चार-पाच वर्षे जास्त दिसेल. मग जमीन-बांधकामाच्या धंद्यात मंदी आली आणि एकमेकांशी संबंधित पाच कर्जदार थकले, की तिची थकबाकी एका फटक्यात ५ टक्के होते. दुसरीला त्याच आकड्यावर यायला २०० वेगवेगळी घरे एकाच वेळी थकावी लागतात. तेही घडू शकते, विशेषतः सगळे कर्जदार एकाच धंद्यातले असले तर. पण धंदे वेगवेगळे असतील तर तशी वेळ क्वचित येते.

म्हणजे ‘कर्ज किती लोकांत वाटले गेले’ हा प्रश्न सामाजिक वाटतो, पण तो सुरक्षिततेचाही आहे. पीएमसीच्या अपयशाकडे या नजरेने पाहिले तर चित्र स्पष्ट होते. जिच्या कर्जांचा एवढा मोठा भाग एका घराकडे गेला, ती बँक सहकारी म्हणून अपयशी ठरली होतीच, आणि त्यामुळेच बँक म्हणूनही बुडाली. सहकाराचे मूळ तत्त्व पाळले आहे का, हे कोणी वेळीच मोजले असते तर ठेवीदारांना इशारा आधी मिळाला असता. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये एका कर्जदाराला मूळ भांडवलाच्या १५ टक्के आणि एका समूहाला २५ टक्के ही मर्यादा घातली, ती याच अनुभवातून.

याचा उलट टोकाचा प्रकारही आहे. काही बँका फक्त ठेवतारण, सोनेतारण आणि पगारदारांची कर्जे देतात. थकबाकी जवळजवळ शून्य, अहवाल चकचकीत. ठेवीदार निर्धास्त राहतो, हे खरे. पण ज्याच्याकडे ठेव आहे, सोने आहे किंवा पगाराची पावती आहे त्याला आज कोणतीही बँक कर्ज देते. मग वेगळ्या सहकारी बँकेची गरज काय, या प्रश्नाला अशा बँकेकडे उत्तर राहत नाही. शून्य थकबाकी हे नेहमीच चांगल्या कामाचे लक्षण असेल असे नाही. कधी ते काम न केल्याचेही लक्षण असते.

मोजणारा कोण?

सहकारात ‘एक सभासद, एक मत’ हा नियम आहे. ऐकायला तो लोकशाहीचा आहे. पण सभासद कोण असतात ते पाहावे. कर्ज घेणाऱ्याला भाग घ्यावेच लागतात. विनातारण कर्जाच्या ५ टक्के आणि तारणी कर्जाच्या अडीच टक्के रक्कम भागांत ठेवण्याचा प्रघात नियमांतूनच आला आहे. ठेव ठेवणाऱ्यावर मात्र सभासद होण्याची सक्ती नसते. परिणामी बँकेत पैसा ठेवीदारांचा आणि मतांमध्ये वजन कर्जदारांचे, अशी स्थिती होते. कर्जदाराला स्वस्त आणि सुलभ कर्ज हवे असते, ठेवीदाराला सुरक्षितता. दोन्ही इच्छा रास्त आहेत, पण सभागृहात पहिलीचाच आवाज मोठा असतो.

आपल्या समाजातल्या ज्येष्ठांची स्थिती याच दुसऱ्या बाजूची आहे. निवृत्तीची रक्कम ‘आपल्या माणसांची बँक’ म्हणून एका ठिकाणी ठेवलेली, अर्धा टक्का जास्त व्याज आणि काउंटरवर मराठीत बोलणारा कर्मचारी. यात विश्वास आहे, तो चुकीचा नाही. पण विश्वासाला प्रश्न विचारण्याची जोड नसली तर त्याचा भार उचलणारा कोणी राहत नाही. संचालकपदाची कमाल मुदत ऑगस्ट २०२५ पासून सलग आठ वर्षांवरून दहा वर्षे झाली आहे. एकच मंडळी दीर्घकाळ राहणार असतील तर सभासदांनी जागे राहणे अधिकच गरजेचे.

सभेत विचारण्याचे सहा प्रश्न

अहवाल वाचायला अर्थशास्त्र यावे लागत नाही. पुढील प्रश्न कोणीही विचारू शकतो आणि त्यांची उत्तरे कोणाही कर्जदाराचे नाव न घेता देता येतात.

१. सर्वांत मोठ्या २० कर्जदारांकडे, संबंधित कुटुंबे व कंपन्या एकत्र धरून, एकूण कर्जांपैकी किती टक्के रक्कम आहे? गेल्या तीन वर्षांत हा आकडा वाढला की घटला?

२. या वर्षी पहिल्यांदाच कर्ज मिळालेले कर्जदार किती? एका घरातल्या चार नावांवर कर्ज विभागून आकडा फुगवता येतो, म्हणून मोजणी कुटुंबानुसार व्हावी.

३. किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि निर्णयाला सरासरी किती दिवस लागले? नकारांची नोंदच नसेल तर तेही एक उत्तर आहे.

४. अग्रक्रम क्षेत्राचे उद्दिष्ट स्वतःच्या कर्जांतून पूर्ण झाले, की प्रमाणपत्रे विकत घेऊन?

५. निव्वळ थकबाकी कमी झाली ती वसुलीमुळे, की कर्जे निर्लेखित केल्यामुळे किंवा नफ्यातून जास्त तरतूद केल्यामुळे?

६. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत किंवा लेखापरीक्षणात कोणते दोष निघाले आणि त्यांची दुरुस्ती कुठवर आली? दंड झाला असेल तर कशासाठी?

पहिला आणि पाचवा प्रश्न धंद्याचा, दुसरा ते चौथा सामाजिक कामाचा आणि सहावा दोन्हींचा. एका वर्षाच्या उत्तराने फारसे कळणार नाही. तीन वर्षांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवली की बँक कोणत्या दिशेने चालली आहे ते दिसते. यातली काही उत्तरे अहवालात छापण्याचा ठरावही सभा करू शकते. तसे झाले तर पुढच्या वर्षी प्रश्न विचारण्याचीही गरज पडणार नाही.

ठेवीदाराने स्वतःसाठी

ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख रुपये झाली. ही मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून आहे आणि एका बँकेच्या सर्व शाखांतल्या एकाच नावाच्या ठेवी एकत्र धरल्या जातात. म्हणजे दोन शाखांत पाच-पाच लाख ठेवून दहा लाखांचे संरक्षण मिळत नाही. बँकेवर निर्बंध आले तर ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळावी, अशी तरतूद २०२१ मध्ये झाली आहे. बँकेच्या जोखमीनुसार विम्याचा हप्ता कमी-अधिक आकारण्याचा निर्णयही रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. चांगली चालणाऱ्या बँकेला त्याचा फायदा व्हावा, ही कल्पना आहे.

घरातल्या ज्येष्ठांच्या ठेवी कोणत्या बँकेत, कोणाच्या नावावर आणि किती आहेत, वारस नोंद झाली आहे का, हे मुलांनी एकदा त्यांच्याबरोबर बसून लिहून काढावे. सगळी पुंजी एका ठिकाणी ठेवू नये. हा सहकारावर अविश्वास नाही. आपण संस्थेकडून कर्ज वाटून देण्याची अपेक्षा करतो, तसे आपणही ठेव वाटून ठेवावी.

ही चर्चा बँकांपुरती थांबत नाही. आपली पतसंस्था, ग्राहक भांडार, शाळा चालवणारी संस्था, भाड्याने सभागृह देऊन ग्रंथालय चालवणारे मंडळ, सगळीकडे हाच पेच आहे. सभागृहाचे भाडे मोजता येते म्हणून ते ताळेबंदात येते. ग्रंथालयात किती नवी मुले आली ते कोणी मोजत नाही म्हणून ते निर्णयातही येत नाही. मग लग्नाच्या तारखेसाठी वाचनाचा वर्ग रद्द होतो आणि त्यात कोणाचा दोष दिसत नाही, कारण हिशेबात तो वर्ग कुठे नव्हताच. संस्था कशासाठी काढली, त्याचे दोन-तीन आकडे ठरवून ते जमाखर्चाच्या शेजारच्या पानावर दरवर्षी छापले, तर निदान काय गमावतो आहोत हे सभासदांना दिसेल.

यंदाच्या सभेची सूचना आली की तारीख लिहून ठेवा, अहवाल आधी मागवून घ्या आणि वरच्यांपैकी एक तरी प्रश्न लेखी पाठवा. बहुतेक बँकांच्या पोटनियमांत प्रश्न काही दिवस आधी लेखी देण्याची अट असते. ती मुदत आधीच विचारून घेतलेली बरी.